समुद्रात माणसं नव्हती का?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या लागलेल्या, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि कूलरमध्ये दर दोन तासांनी बादलीभर पाणी ओतायची ड्यूटी माझ्याकडे. सुट्टीत समुद्र दाखवीन असं वचन मी मुलीला दिलं होतं. ती आता सातवीत गेलीय आणि तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. आधी रिझर्व्हेशन मिळेना, मग घरात लग्न निघालं, मग पैसे उरले नाहीत. वचनाची भरपाई म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो आणि समुद्रावरची एक मोठी, गाजलेली परदेशी मालिका लावली. हिंदी आवाजात होती.

चित्रं सुंदर होती, यात वाद नाही. ऑक्टोपस रंग बदलत होता, पाण्याखाली अंधारात जिवंत दिवे लुकलुकत होते, देवमाशाची आई पिल्लाला पाठीवर उचलून धरत होती. मुलगी हरखून गेली. मी मात्र तासाभराने अस्वस्थ झालो. त्या अथांग पाण्यावर एक होडी नाही, एक कोळी नाही, एक बंदर नाही. माणूस आला तो शेवटच्या पाच मिनिटांत, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन, गुन्हेगार म्हणून. त्याआधी आला होता तो फक्त पाणबुडीत बसलेला शास्त्रज्ञ. 'आजवर कोणी न पाहिलेलं' हे शब्द तर तासाभरात किती वेळा आले ते मी मोजायचं सोडून दिलं.

मालिका संपल्यावर मुलगी सहज म्हणाली, "अब्बा, आपला तर समुद्राशी काही संबंधच नाही ना? आपल्याकडे फक्त समुद्रपूर आहे."

समुद्रपूर हा आमच्या जिल्ह्यातला तालुका. नावापुरताच समुद्र. तिचा विनोद चांगला होता, मी हसलोही. पण ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. मी भाषा शिकवतो, उर्दू आणि मराठी. आपल्याच मुलीला असं वाटावं, यात त्या मालिकेचा दोष किती आणि माझा किती, हे मला तपासून बघावंसं वाटलं.

आधी दोष मालिकेचा. या जातीच्या सगळ्या सिनेमांचा बाप म्हणजे 'द सायलेंट वर्ल्ड', मराठीत सांगायचं तर 'निःशब्द जग'. फ्रान्सचे झाक कुस्तो आणि तरुण दिग्दर्शक लुई माल यांनी तो केला. १९५६ साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करही मिळालं. पाण्याखालचं रंगीत जग सिनेमाच्या पडद्यावर लोकांनी इतकं जवळून त्याआधी क्वचितच पाहिलं असेल. भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि हिंदी महासागर, म्हणजे बरंचसं आपल्याच अंगणातलं पाणी. मी तो पुढच्या आठवड्यात एकट्याने पाहिला. एकट्याने पाहिला हे बरं झालं.

त्यात एका प्रवाळाच्या खडकावर मासे किती आहेत हे मोजायला चक्क सुरुंग लावतात. मेलेले मासे वर येतात, त्यांची गणती होते. निवेदक म्हणतो की हे वाईट आहे, पण विज्ञानाला दुसरा मार्ग नाही. पुढे 'कॅलिप्सो' या त्यांच्या बोटीच्या पंख्यात देवमाशाचं एक पिल्लू सापडतं आणि जखमी होतं. त्याच्या रक्तावर शार्क येतात. मग बोटीवरची माणसं त्या शार्कना आकड्यांनी ओढून डेकवर घेतात आणि कुऱ्हाडी-गजांनी ठेचतात. जणू पिल्लाला शार्कनीच मारलं होतं! कासवाच्या पाठीवर बसून फेरफटका मारण्याचा प्रसंगही आहे. कुस्तो पुढे समुद्र वाचवण्यासाठी आयुष्यभर झटले, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. माणूस शिकतो.

मला जास्त बोचलं ते सिनेमाचं नाव. निःशब्द? कोणासाठी निःशब्द?

सिनेमाच्या दोन वर्षं आधी, १९५४ मध्ये, हीच 'कॅलिप्सो' अबुधाबीच्या समोरच्या पाण्यात होती. एका ब्रिटिश तेल कंपनीच्या पैशांवर कुस्तोंचे पाणबुडे तळाचे दगड फोडून नमुने काढत होते. त्याच पाण्यात शेकडो वर्षं मोती काढणारे बुडी मारत आले होते. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोरी, आणि श्वास पुरेल तेवढा वेळ पाण्याखाली. वर होडीत दोरी ओढणारा साथीदार, होडीचा मालक-कप्तान नाखुदा, आणि त्यांच्यासोबत एक खास माणूस असे, नहहाम. त्याचं काम गाण्याचं. वल्ही मारताना, शीड चढवताना, दोर ओढताना तो गायचा आणि बाकीचे सूर धरायचे. ज्या पाण्यावर गाणं हा पगारी हुद्दा होता, त्याला निःशब्द म्हणायला त्या पाण्याचे आपण पहिलेच पाहुणे आहोत असं वाटावं लागतं.

हे चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. बुडी मारणारे बहुतेक कर्जात जन्मत आणि कर्जात मरत. कान फुटत, डोळे जात. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. आणि ते मोती जायचे कुठे? आपल्या मुंबईत. आखातातल्या मोत्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ मुंबई होती. कुवेत, बहरीन, दुबईचे व्यापारी इथे पेढ्या टाकून राहत, त्यांची मुलं इथल्या शाळांत शिकत. तिकडच्या बाजारात आपला रुपया चाले, इतका की १९५९ साली रिझर्व्ह बँकेला आखातासाठी वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. जपानी कृत्रिम मोती आणि १९३० च्या आसपासची जागतिक मंदी यांनी तो धंदा बसवला. 'कॅलिप्सो' पोचली तेव्हा तेलाच्या शोधात पोचली. आज माझ्या ओळखीतले किती तरी पोरं त्याच किनाऱ्यावर एसी दुरुस्त करायला जातात. ती विमानाने जातात, एवढाच फरक.

आता 'आजवर कोणी न पाहिलेलं' याबद्दल. इसवी सन ८५१ च्या सुमाराचं एक अरबी पुस्तक आहे, 'अख्बार अस्सीन वल्हिन्द', चीन आणि हिंदच्या बातम्या. खलाशांच्या तोंडून ऐकलेलं त्यात लिहिलंय. हिंदी महासागरात इतका मोठा मासा असतो की जहाजावर आदळेल या भीतीने खलाशी रात्री लाकडी पट्ट्या वाजवत राहतात. म्हणजे आवाज पाण्यात लांबवर जातो आणि देवमासा ऐकतो, हे साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या खलाशाला माहीत होतं. प्रयोगशाळेशिवाय, पण जिवाच्या धाकाने.

या प्रवाशांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो तो बगदादचा अल-मसऊदी. तो हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपलं चौल, अलिबागजवळचं. शिलाहारांचं राज्य होतं. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं तो लिहितो. बसरा, ओमान, सिराफ, बगदादहून आलेले व्यापारी, आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलंबाळं. त्यांचे आपसातले वाद मिटवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला. महाराष्ट्रात मुसलमान फक्त घोड्यावर बसून उत्तरेकडून आले, असं शाळेत शिकून मोठे झालेल्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना करा. खिलजीच्या फौजेच्या पावणेचारशे वर्षं आधी चौलच्या बंदरात अजान होत होती, आणि ती मोसमी वाऱ्यासोबत आली होती.

मोसम. हा शब्दच बघा. अरबीत मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. जहाजं कधी सुटणार ते वाऱ्यावर ठरायचं. त्याच शब्दाचं इंग्रजांनी 'मान्सून' केलं, आणि तोच आमच्या मराठी पेपरात दर जूनमध्ये 'मोसमी पाऊस' होऊन येतो. विदर्भातला शेतकरी ज्याची वाट बघत आभाळाकडे डोळे लावून बसतो, तो शब्द खलाशांचा आहे. वर्गात मी फळ्यावर असे शब्द लिहून मुलांना गंमत दाखवतो. खलाशी, लंगर, बंदर, दर्या. नाखुदाचा नाखवा झाला आणि कोळ्यांच्या घरात आडनावासारखा बसला. सुक्कानचं सुकाणू झालं. समुद्र पार करून आलेल्या शब्दांचा मराठीने कधी धर्म विचारला नाही.

आणि एक शब्द माझ्या पेशाचा. अरबी जहाजावर वाट दाखवणाऱ्याला मुअल्लिम म्हणत. मुअल्लिम म्हणजे शिक्षक! या मुअल्लिमांमध्ये सर्वांत मोठं नाव शिहाबुद्दीन अहमद इब्न माजिद यांचं. बाप आणि आजाही याच धंद्यातले. १४९० च्या सुमारास त्यांनी नौकानयनावर मोठा ग्रंथ पुरा केला. तारे कोणते, वारे कोणते, कुठल्या किनाऱ्याजवळ पाण्याचा रंग कसा बदलतो, कोणते पक्षी दिसले की जमीन जवळ आली समजायचं, सगळं त्यात आहे. बरंचसं ज्ञान त्यांनी पद्यात बांधलं, म्हणजे खलाशांना पाठ व्हावं. लाकडी पाटीच्या तुकड्याला गाठी मारलेला दोरा बांधायचा, त्याचं टोक दातात धरायचं, पाटी क्षितिजावर ठेवून ध्रुवाची उंची बोटांत मोजायची. या साधनाचं नाव कमाल. मी पुठ्ठा आणि सुतळी घेऊन घराच्या गच्चीवर करून बघितलं. शेजारच्या काकूंनी बायकोला विचारलं, मास्तरांना झालंय काय?

इथे आपल्या लोकांची एक सवय सांगतो. जलशात, भाषणात हमखास ऐकू येतं की वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट इब्न माजिदनेच दाखवली. मीही हे टाळ्यांसाठी बोललो आहे. याला आधार एवढाच की नंतरच्या, सोळाव्या शतकातल्या एका इतिहासकाराने तसं लिहून ठेवलं. पोर्तुगिजांची स्वतःची कागदपत्रं मालिंदीहून घेतलेल्या वाटाड्याला गुजरातचा म्हणतात, आणि आजचे बहुतेक अभ्यासक इब्न माजिदचं नाव मानत नाहीत. तो मोठा ठरतो तो त्याच्या ग्रंथामुळे. गामाच्या कुबड्या त्याला कशाला हव्यात?

मालिकेतल्या शास्त्रज्ञांची गोष्ट घ्या. त्यांच्यातही आपली माणसं होती, फक्त कॅमेरा तिकडे वळत नाही. सप्टेंबर १९३३ मध्ये अलेक्झांड्रियाहून 'मबाहिस' नावाचं जहाज निघालं. मबाहिस म्हणजे शोध, संशोधनं. जहाज इजिप्तचं, खलाशी इजिप्तचे, मोहिमेचा प्रमुख ब्रिटिश, कर्नल सेवेल, जो आधी कलकत्त्याच्या झूलॉजिकल सर्व्हेचा संचालक होता. मे १९३४ पर्यंत ते अरबी समुद्र आणि हिंदी महासागराचा तळ तपासत फिरलं. ओमानच्या किनाऱ्यासमोर त्यांनी जाळी टाकली, ती रिकामी वर आली. शंभर मीटरपासून तेराशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात जीवच नाही, चिखलाला सडक्या अंड्याचा वास. अरबी समुद्राच्या पोटात प्राणवायू जवळपास नसलेलं पाणी आहे, ते असं हाताला लागलं. आज हवामानबदलाच्या चर्चेत हाच पट्टा पुन्हा पुन्हा येतो. जहाजावर हुसैन फौजी नावाचे इजिप्शियन डॉक्टर होते. डोळ्यांचे डॉक्टर, नंतर समुद्रशास्त्रज्ञ. त्या सफरीवर त्यांनी १९३८ साली पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावात स्वतःला आजच्या काळातला सिंदबाद म्हटलं. माझ्या मुलीला सिंदबाद कार्टूनमधून माहीत आहे. त्याच्या हातात सूक्ष्मदर्शक असू शकतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

म्हणजे आता दोष माझ्याकडे आला.

बी.एड.ला असताना आम्ही पाठ केलं होतं: २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७, वर्धा, राष्ट्रीय शिक्षण परिषद. पाच मार्कांची टीप. गांधीजी अध्यक्ष, आणि अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे प्रमुख जामियाचे डॉ. झाकिर हुसैन. पुढे ते राष्ट्रपती झाले. शाळेने आपला खर्च मुलांच्या हातकामातून काढावा या कल्पनेवर त्यांनी त्याच परिषदेत गांधीजींसमोर शंका मांडल्या होत्या, हे मात्र टिपेत नव्हतं. मूळ विचार साधा होता. मुलाच्या हाताला जे लागतं तिथून सुरुवात करा आणि जगापर्यंत जा. टकळीवरच्या सुतातून गणित, भूगोल, इतिहास सगळं काढता येतं. हे आमच्याच गावात ठरलं, आणि मी मात्र मुलीला समुद्र शिकवायला परदेशी पाणबुडी शोधत बसलो!

कापूस घ्या ना. हिंगणघाटचा कापूस आपल्या गावाच्या नावाने बाजारात ओळखला जायचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या इकडे वळल्या. त्याच धामधुमीत, १८६२ मध्ये, वर्धा जिल्हा वेगळा झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. वर्धा शहर वसलं तेच या काळात. आमच्या शिवारातल्या गाठी मुंबईच्या गोदीत जाऊन जहाजात चढत. त्या काळच्या आगबोटींवर डेकवर राबणारे किती तरी खलाशी रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते. दापोली, खेड, बाणकोटकडची मराठी बोलणारी माणसं. गोऱ्या खलाशाच्या कितीतरी कमी पगारावर ती अर्धं जग फिरत. त्यांच्यावर सारंगाचा हुकूम चाले. वर्ध्याचा कापूस आणि कोकणचा खलाशी एकाच बोटीवर होते. संबंध नाही कसा?

आणि आमच्या घरातच समुद्र होता. माझे दादा, मरहूम, जहाजाने हजला गेले होते. वर्ध्याहून पॅसेंजरने मुंबई, तिथे मुसाफिरखान्यात कागदपत्रांसाठी मुक्काम, मग बोट. जिद्दापर्यंत आठ-नऊ दिवस. मुंबईहून जहाजाने हजला जाणं १९९५ पर्यंत चालू होतं. दादांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो थेट ओलांडण्यासाठी. पहिले तीन दिवस उलट्या. चौथ्या दिवशी डेकवर आले तर पाण्यातून मासे उडताना दिसले. पक्ष्यांसारखे, थव्याने. आम्ही लहान असताना ते हात तिरपा करून दाखवायचे आणि आम्ही हसायचो, म्हातारा थापा मारतो म्हणून. त्या रविवारी मालिकेत उडणारे मासे आले तेव्हा मी ताडकन उठून बसलो. दादा वारल्यानंतर इतक्या वर्षांनी, एका परदेशी कॅमेऱ्याने त्यांची साक्ष दिली. याबद्दल त्या मालिकेचे आभार मानले पाहिजेत.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. एका बैठकीत सांगितलं, ही माझी चूक. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा, पण प्रत्येक ठिकाणी माणसं पाहिजेतच का? माणसं नव्हती म्हणून तर छान वाटत होतं."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही. अरबी समुद्रात कुबडधारी देवमाशांचा एक कळप आहे, जो इतरांसारखा थंड प्रदेशात जात नाही, बारा महिने इथेच राहतो आणि इथेच गातो. १९६० च्या दशकाच्या मध्याला सोव्हिएत जहाजांनी त्यातले २४२ चोरून मारले. ते जगाला कळलं तीस वर्षांनी. आज ओमानच्या किनाऱ्याला शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर मुलगी बरोबर आहे. पण मग मी तिला एवढंच म्हटलं की ज्यांनी मारलं ते आणि ज्यांनी लाकडी पट्ट्या वाजवून वाट दिली ते, दोघेही माणसंच होती. पडद्यावरून दोघांना एकदम पुसून टाकलं तर फरक कसा कळणार? ती म्हणाली, विचार करते.

दिवाळीआधी आम्ही गिरडला गेलो. गिरड समुद्रपूर तालुक्यातच आहे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा, सर्व धर्मांची माणसं येतात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, काही सुपारी-जायफळाएवढे, काही नारळासारखे. कथा अशी की व्यापारी माल घेऊन चालले होते, त्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या नारळ-जायफळांचे दगड झाले. विज्ञान सांगतं की ही खनिजं आहेत, लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत तयार झालेली. मी दोन्ही सांगितलं. मुलीने एक दगड तळहातावर फिरवला आणि विचारलं, "जायफळ आपल्याकडे उगवतं?"

नाही, म्हटलं. पूर्वी ते खूप लांबून, इंडोनेशियाच्या बेटांवरून यायचं. नारळ कोकणातून.

"मग ही गोष्ट बनवणाऱ्यांना ते माहीत कसं होतं?"

तिने दगड परत जागेवर ठेवला. खाली बस उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. उतरता उतरता तिने पुन्हा विचारलं, दादांच्या बोटीत खिडकी होती का, आणि मासे उडाले तेव्हा ते बोटीच्या कोणत्या बाजूला उभे होते.